दुसरी सही

सकाळी टेबलाशी आले तेव्हा कार्ड पालथं ठेवलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ होतं. टाचणींचं. टाचणी म्हणजे आमचे मुख्य संपादक. वय पंच्याहत्तर, अंगकाठी नावाला साजेशी, आणि चुकीचा कागद सापडला की तो लिहिणाऱ्यासकट टोचून ठेवायची सवय. पाठीमागे आम्ही त्यांना काय म्हणतो हे त्यांना ठाऊक आहे. ‘पिन’ या शब्दाची नोंद तपासताना त्यांनी स्वतःच समासात लिहिलं होतं, ‘चित्राची गरज नाही, मी रोज येतो.’ वर्तुळात माझ्या हातचं एकच अक्षर होतं, ‘प्र.’ बाहेर पेन्सिलीने विचारलेलं, ‘दुसरी सही कुठं?’ आणि त्याखाली, ‘पान आज पाचला छपाईला.’ कार्ड कुठल्या शब्दाचं ते मला आठवत नव्हतं. पण ते मी लगेच सुलटं केलं नाही. मी पर्स खुंटीला लावली, चष्मा पुसला, खिडकी उघडली, पेन्सिलींना टोक केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं भर सकाळीही पडतं.

आमच्या कोशात शब्द इंग्रजी, अर्थ आपल्या भाषेत, आणि प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं एक वाक्य. वाक्य कुठून आलं ते कार्डाच्या पाठीवर लिहायचं. ‘छा.’ म्हणजे छापील, ‘ऐ.’ म्हणजे ऐकीव, ‘स्व.’ म्हणजे स्वतः रचलेलं. दहातली नऊ वाक्यं ‘स्व.’ असतात, आणि माणूस रचायला बसला की रचून रचून घरचंच रचतो. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांची सगळी वाक्यं बायकोबद्दल आहेत; ‘हट्ट’ म्हणा, ‘वादळ’ म्हणा, ‘दुर्मिळ’ म्हणा, बायको हजर. कोश नीट वाचला तर आम्हा सगळ्यांच्या घरच्या भानगडी वर्णक्रमाने लावलेल्या सापडतील, पण कोश असा नीट वाचतो कोण? एकच माणूस वाचतो, तो पुढं येईल. चौथी खूण ‘प्र.’, म्हणजे प्रत्यक्ष: लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ही खूण फारशी कोणी वापरत नाही, कारण तिला नियम आहे. त्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही लागते. नियमही शेजारच्या गृहस्थांच्याच कृपेने झाला. एके काळी त्यांनी जहाज बुडताना, ज्वालामुखी फुटताना आणि राजाचं डोकं उडताना असं सगळं प्रत्यक्ष पाहिलं होतं.

शेवटी कार्ड सुलटं केलं. मेहेम. आजकाल हा शब्द कोणीही कशालाही लावतं. दुकानात सेल लागला की मेहेम, वाढदिवसाला दहा पोरं जमली की मेहेम, चौकातले दिवे बंद पडले की मेहेम. हुल्लड, धुमाकूळ, सावळा गोंधळ. तो झाला दुसरा अर्थ, आणि त्याचं वाक्य शेजारच्यांनी दिलेलं होतं: ‘मेव्हण्याच्या पोरांनी दोन दिवस घरात नुसता धुमाकूळ घातला.’ पहिला अर्थ माझ्या वाट्याला आला होता. शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजांच्या कायद्यात आला आणि तिथं तो गोंधळाचा नव्हता, शरीराचा होता. माणसाचा असा अवयव निकामी करायचा की त्याला पुन्हा लढता येऊ नये, स्वतःला वाचवता येऊ नये. हात, बोट, डोळा, पुढचा दात. पुढचा दात अशासाठी की चावता येतं. नाक किंवा कान गेला तर तो मेहेम नव्हे. माणूस कुरूप होतो, पण लढायला धड राहतो. फार जुन्या काळी शिक्षाही सरळ होती, जो अवयव घेतला तो द्यायचा. आणि हे सगळं जाणूनबुजून केलेलं असायला हवं, नाहीतर तो अपघात. पुढं वर्तमानपत्रांनी शब्द उचलला, हातोहात फिरवला, त्यावरचं रक्त पुसलं गेलं आणि मागे फक्त आरडाओरडा राहिला. हे सगळं पाच ओळींत बसवायचं होतं. ते मी बसवलं होतं, आणि खाली उदाहरण दिलं होतं: ‘भावाचा हात पात्याखाली आहे हे पाहून तिने दांडा ओढला.’

अक्षर माझं. शाई माझी. तारीख दोन वर्षांपूर्वीची, कामाचा रेटा होता तेव्हाची. दिवसाला चाळीस कार्डं लिहीत होते आणि अंगात बारीक ताप असायचा. हे वाक्य लिहिताना मी काय विचार करत होते ते काही केल्या आठवेना. बहुतेक काहीच करत नसेन. हात चालू असेल, आणि हाताने आपलं काम उरकलं असेल. ‘स्व.’ लिहायची सवय असलेला हात त्याच दिवशी ‘प्र.’ का लिहून गेला, याचंही उत्तर माझ्यापाशी नव्हतं. की होतं? पाठीवर खोटं लिहायचं नाही, ही मी स्वतःला घालून घेतलेली शिस्त. बाहेरच्या आयुष्यात कानाला खडा लावण्यासारख्या गोष्टी केल्या, पण कार्डाच्या पाठीवर कधी खोटं लिहिलं नाही. आणि अशा तऱ्हेने सदतीस वर्षं जे आईला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही, लग्न झाल्यावर नवऱ्याला अंधारातसुद्धा सांगितलं नाही, ते मी एका कार्डावर लिहून पेटीत क्रमाने लावून ठेवलं होतं. कोणीही यावं आणि वाचावं.

टाचणींच्या खोलीत गेले तर ते भिंगाने दुसरंच काही वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “मेहेम ना? वाक्य चांगलं आहे. फार चांगलं आहे. म्हणून तर शंका आली.” मी म्हटलं, “‘स्व.’ करून टाकते, सर. चुकून झालं.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “चुकून? तेवीस वर्षांत तुम्ही चुकून ‘प्र.’ लिहिल्याचं हे पहिलंच कार्ड.” मग म्हणाले, “बाई, ‘स्व.’ करायचं तर करा, एका रेघेचं काम आहे. काढून टाकायचं तर काढा, जागा मला हवीच आहे. नाहीतर दुसरी सही आणा. मला तिन्ही चालतील. मात्र जे खरं असेल ते करा, म्हणजे झालं.” मग पुन्हा भिंग उचलून अगदी सहज विचारावं तसं, “त्या वेळी आणखी कोणी होतं का तिथं?” “होतं,” मी म्हटलं. “आहे अजून?” “आहे.” “मग पाचपर्यंत वेळ आहे,” असं म्हणून ते वाचायला लागले.

‘स्व.’ ही एक रेघ. मी टेबलाशी बसून खोडरबर हातात घेतलं आणि तशीच बसले. रेघ मारून प्रश्न मिटणार नव्हता, कारण पान छापून झालं की ते जाणार होतं दादाकडे. आमच्या कोशाची बांधणी पहिल्या खंडापासून दादा करतो. बाबांच्या हाताखाली शिकला, बाबांच्याच खोल्यांत, बाबांच्याच यंत्रांवर. आणि त्याला खोड अशी की घडी घालायला घेतलेला प्रत्येक फर्मा, म्हणजे अनेक पानं छापलेला मोठा कागद, तो वाचतो. आधी वाचतो, मग घडी घालतो, मग हाडाच्या पट्टीने ती दाबतो. दर खंडाला त्याचा फोन येतो, “वाळवे, पान तीनशे बारा. तुमच्या माणसाची बायको पुन्हा रुसली. आणि ‘मूळ’मधला ऊ दीर्घ हवा.” वाळवी हे माझं लहानपणचं नाव, बांधणीवाल्याच्या घरात पुस्तकं खाणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार! म्हणजे मी ‘स्व.’ लिहिलं काय नि ‘प्र.’ लिहिलं काय, पाठ कार्डाची, ती छापली जात नाही. वाक्य छापलं जातं. महिन्याभरात दादा त्याच्या आठ बोटांनी ते पान उचलणार, उजेडाकडे धरणार, आणि वाचणार. वाक्य काढून टाकलं तर तो काही वाचणार नाही. सगळं जसं आहे तसं राहील. तसं राहावं असं मला वाटतं का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर ‘हो’ असं इतक्या झटकन आलं की माझी मलाच शिसारी आली.

बाबांचं कागद कापायचं यंत्र मागच्या खोलीत होतं. खाली लोखंडी पाट, वर आडवं पातं, उजव्या बाजूला माझ्या उंचीपेक्षा लांब दांडा. दांडा वर उभा केला की त्याच्या भोकात एक खीळ घालायची, म्हणजे तो खाली येत नाही. खीळ घातल्याशिवाय पात्याखाली हात घालायचा नाही, हा आमच्या घरातला एकमेव धर्म. मी अकरा वर्षांची होते, दादा पंधराचा. माझ्याकडे एक वही होती, तिच्यात मी शब्द गोळा करायची. ऐकलेले, वाचलेले, काही तर मीच बनवलेले. कडा काठोकाठ भरलेल्या, कारण दुसरी वही कधी मिळेल याचा भरवसा नसायचा. त्या दुपारी शाळेतून आले तर वही दादाच्या हातात, आणि तिच्या तिन्ही बाजू गुळगुळीत कापलेल्या. “बघ कशी झालीय, दुकानातल्यासारखी,” तो म्हणाला. खरंच तशी झाली होती. कोपरे सुईसारखे. आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गेलेलं, काही ठिकाणी दोन-दोन अक्षरं. त्याला वाटलं होतं मी खूश होईन. हे मला आज कळतं. तेव्हाही कळलं असेल. मी खाली पाहिलं तर माझी अक्षरं कातरणाच्या ढिगात पडली होती, पिवळ्या-निळ्या कागदांच्या पट्ट्यांत मिसळून. तो पुढच्या गठ्ठ्याकडे वळला. त्याने गठ्ठा पात्याखाली सरकवला आणि कड सारखी करायला उजवा हात आत घातला. खीळ खिडकीच्या कट्ट्यावर होती. मी ती पाहिली. दांड्याचं भोक रिकामं होतं, तेही पाहिलं. हात पाहिला. मग उडी मारून दांड्याला लोंबकळले.

एवढंच. त्याला गोंधळ म्हणावं असं त्यात काहीही नव्हतं. घरात मात्र पुढं त्याचं नाव ‘तो गोंधळ’ असंच पडलं. आई म्हणायची, “तो गोंधळ झाला त्या वर्षी,” जसं कोणी म्हणावं घराला रंग दिला त्या वर्षी. मला आठवतो तो आवाज नव्हे. मला आठवते ती शांतता. पातं खाली आलं आणि दादा ओरडला, या दोहोंच्या मध्ये एक रिकामी जागा होती. त्या जागेत त्याने हाताकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. मग काहीतरी लोखंडी फरशीवर पडल्यासारखं वाजलं आणि मग तो ओरडला. पुढच्या खोलीतून बाबा धावत आले तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. दादा म्हणत होता, “खीळ निसटली, बाबा, खीळ निसटली.” बाबांनी वाकून यंत्राखालून खीळ उचलली. कट्ट्यावरची खीळ यंत्राखाली कशी गेली, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. नंतर पडला की मी त्याच्यावर दुसरं काहीतरी ठेवून द्यायची. शब्द ठेवायची, बहुतेक.

दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. गल्लीत त्याआधी दादाला सगळे वचकून असत. माझी वेणी ओढणाऱ्या एकाला त्याने गटारात बसवला होता. जखम भरल्यावर पहिल्यांदा शाळेत निघालो तेव्हा तोच मुलगा आणखी दोघांना घेऊन आला आणि त्याने दादाचं दप्तर खेचून रस्त्यावर ओतलं. दादा उभा राहिला. उजवा हात खिशात. तिघे हसले, वह्यांवर पाय देऊन गेले, आणि दादा डाव्या हाताने एकेक वही गोळा करायला लागला. मी मदतीला वाकले तर म्हणाला, “तू राहू दे गं.” पुढं तो चेष्टा करायला शिकला. कोणी हाताबद्दल विचारलं की खिशातला हात न काढता म्हणायचा, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” लोक हसत, मीही हसायची. कायद्याच्या त्या जुन्या पुस्तकात ‘लढण्याच्या कामी येणारा अवयव’ हे शब्द मी वाचले तेव्हा मला कोणी योद्धा दिसला नाही. रस्त्यावर वाकून वह्या गोळा करणारा पंधरा वर्षांचा दादा दिसला.

आणि बाबा. त्यांनी त्या यंत्राला पुन्हा हात लावला नाही, फक्त खीळ तेवढी बदलत राहिले. दर महिन्याला नवी. लोहाराकडून करून आणायची, भोकात घालून बघायची, हलवून बघायची, काढून पुन्हा घालायची. जुन्या खिळी एका डब्यात साठत गेल्या. “झिजली होती,” येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, कोणी विचारलेलं नसताना. “मला दिसायला हवं होतं, झिजली होती.” शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येईनात, पण उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर काहीतरी चाचपायची, आत ढकलायची, हलवून बघायची. आई म्हणाली, “काय शोधतायत कोण जाणे.” मला माहीत होतं. मी त्यांच्या उशाशी बसले होते, खोलीत आम्ही दोघंच असायचो, तासन्‌तास, आणि मला एक वाक्य म्हणायचं होतं. ते ऐकूही येत नव्हतं त्यांना कदाचित. तरी मी तोंडात मूग गिळून बसले. हे मात्र अकरा वर्षांच्या मुलीने केलेलं नाही. हे एकेचाळीस वर्षांच्या बाईने केलेलं आहे.

दुपारी अडीच वाजता मी कार्ड पर्समध्ये घातलं. कार्ड कार्यालयाबाहेर न्यायचं नाही हाही नियमच, शेजारचे गृहस्थ बघत होते, त्यांना म्हटलं, “दात दुखतोय, येते जाऊन.” “पुढचा की दाढ?” त्यांनी विचारलं आणि मला उगाच हसू फुटलं. दादाचं दुकान वीस मिनिटांच्या चालीवर. मी रस्त्याने वाक्य जुळवत होते. तुला एक सांगायचंय. तुला आठवतंय का. परवा काम करता करता गंमतच झाली. सगळी वाक्यं ‘स्व.’ निघत होती. मध्येच एका दुकानाच्या काचेत मी मला दिसले: पर्स छातीशी दोन्ही हातांनी धरलेली. तिथून परत फिरायचं ठरवलं. पंधरा-वीस पावलं परत गेलेसुद्धा. मग आठवलं की परत जाऊन ती रेघ मारावी लागेल, आणि पुन्हा वळले.

कामगार जेवायला गेले होते. दादा मागच्या खोलीत यंत्रावर एकटा होता, गठ्ठा लावत होता. मी दारात आले तशी त्याने मान वर केली आणि पात्याखालचा हात काढून घेतला. “अगं वाळवे! या वेळेला? बस, चहा सांगतो,” म्हणत तो यंत्रापासून दूर झाला, हात झटकत. आणि तिथंच, उंबऱ्यावर, मला ते दिसलं. इतकी वर्षं मला वाटायचं की बहीण आली म्हणून तो काम थांबवतो. दुकानात शेकडो वेळा आले असेन. प्रत्येक वेळी, मी दारात पाऊल टाकल्याबरोबर, त्याचा हात पात्याखालून बाहेर आला होता. कामगार येत-जात, गिऱ्हाइकं डोकावत, तेव्हा हात आत असायचा. “चहा नको,” मी म्हटलं. “दादा, त्या दिवशी खीळ निसटली नव्हती.”

मी कार्ड काढून पुढं केलं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, कार्ड खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि फर्मा वाचतो तसं वरपासून वाचलं. शब्द, उगम, जुना कायदा, दात, नाक, कान. ओठ हलत होते. वाक्यापाशी आला आणि थांबला. “‘पाहून’,” तो म्हणाला. “हो,” मी म्हटलं, “पाहून. हात आत आहे ते मला दिसत होतं. खीळ कट्ट्यावर होती तेही.” “माहीत आहे,” तो म्हणाला. “कट्ट्यावर मीच ठेवली होती, आळस करून. आणि यंत्राखाली मीच टाकली.” “केव्हा?” “ओरडायच्या आधी.” त्याने डावा हात खिडकीकडे नेऊन दाखवला, कट्ट्यापासून यंत्राखालपर्यंत, एवढंसंच अंतर. “तुझं तोंड पाहिलं. म्हटलं बाबा आता हिला मारून टाकतील. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. हात गेलाय हेसुद्धा मागून कळलं.”

मला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. लोक तसं म्हणतात. तसं काही झालं नाही. मी स्टुलावर बसले. दादा उभाच होता, कार्ड हातात, आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा व्हायला लागला. “बाबांना सांगायला हवं होतंस,” तो म्हणाला. “मला नाही सांगितलंस ते राहू दे. मी काय, मला माहीतच होतं. पण तो माणूस डबाभर खिळी करून मेला गं. दर महिन्याला! मी रोज बघायचो. रोज वाटायचं, आज वाळवी सांगेल. लहान आहे, मोठी झाली की सांगेल. लग्न झालं की सांगेल. ते अंथरुणाला खिळले तेव्हा वाटलं, आता तरी.” “तूही सांगू शकत होतास,” मी म्हटलं. बोलल्यावर वाटलं, जीभ झडावी. रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. “हो,” तो म्हणाला. “मीही. खोटं माझं होतं. म्हटलं आता खरं सांगितलं तर तू त्यांच्या मनातून जाशील, आणि मीही. दोन पोरांपेक्षा एक खीळ गेलेली बरी. असा हिशेब केला मी. पंधराव्या वर्षी केलेला हिशेब पुन्हा तपासलाच नाही.” त्याने चष्मा काढला आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी डोळे पुसले, पुढं अंगठा, मागे दोन बोटं, चिमटीने काही उचलावं तसे.

घड्याळात सव्वातीन झाले होते. मी म्हटलं, “त्यांना दुसरी सही हवीय. हजर असलेल्या माणसाची. नसेल करायची तर मी वाक्य काढून टाकते. तू सांगशील तसं.” “सही,” तो म्हणाला, हा शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. “आणि मग हे छापणार?” “वाक्य तेवढं. नावं नाही.” “मीच बांधणार ते.” “हो.” त्याने कार्ड माझ्या हातात परत दिलं. सही न करता. मी पर्स उघडली, कार्ड आत ठेवायला लागले, आणि मनात म्हटलं, बरोबर आहे, याने का करावी.

तो यंत्राकडे गेला. अर्धवट लावलेला गठ्ठा तसाच पडला होता. त्याने दांडा वर आहे ना ते बघितलं, एका हाताने तो धरून भोकातली खीळ काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. लोखंडाचा दगडावर आवाज झाला. “ये इकडं,” तो म्हणाला. “दांडा धर.” मी जागची हलले नाही. “अगं ये. सांधा आता ढिला झालाय, सोडलास तर खाली येईल. दोन्ही हातांनी धर.” मी गेले. दांडा गार होता, घामाने गुळगुळीत झालेला, आणि आता तो माझ्या खांद्याच्या जरा वर येत होता. मी तो दोन्ही मुठींत आवळला. त्याचं वजन लगेच हातांत उतरलं, मनगटांतून कोपरांत. “धरलास?” “धरला.” त्याने उजवा हात पात्याखाली घातला. गठ्ठ्याची कड सारखी करायला लागला, अंगठ्याने इकडून, दोन बोटांनी तिकडून. एक बाजू झाली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कड केव्हाच सारखी झाली होती. तो थांबेना. माझे दंड थरथरायला लागले, आणि वर पातंही बारीक थरथरत होतं, मला दिसत होतं, त्यालाही दिसत असणार. “दादा, काढ आता,” मी म्हटलं. तो म्हणाला, “कार्ड दे.”

“माझे हात अडकलेत.”

“मी घेतो.” त्याने डावा हात लांब करून माझ्या खांद्यावरच्या पर्समधून कार्ड काढलं, पाटाच्या मोकळ्या बाजूला पालथं ठेवलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. उजवा हात आतच होता, गठ्ठ्यावर दाबून धरलेला. तो आधी तारीख लिहायला लागला, आजची नव्हे, त्या दिवसाची. मग यंत्र, मग खोली. मग सही. डाव्या हाताने लिहायला तो फार उशिरा शिकला, त्याचं एकेक अक्षर अजून शाळेतल्या मुलासारखं सुटं पडतं, आणि त्याने पूर्ण नाव लिहायला घेतलं होतं, बाबांच्या नावासकट. मी दांडा धरून उभी होते.